दम, धाव आणि कळस

धावण्याशी संबंधित शब्दांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्मी तरी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची आहेत, याचा मला फार आनंद झाला. मी साताऱ्यात शाळेवर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्यांबरोबर असते आणि त्यांच्या तोंडचे शब्द वहीत टिपते. त्यामुळे या पत्रांना उत्तरं लिहिताना वेळ कसा गेला ते कळलं नाही. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलं आहे.

बार्शी : मुलाने निबंधात ‘पळण्याची शर्यत’ लिहिलं. बाईंनी लाल शाईने ‘धावण्याची’ केलं. ‘पळणे’ अशुद्ध आहे का?

मुळीच नाही. बाईंना माझा नमस्कार सांगा आणि हा अंक दाखवा.

‘धावणे’ आलं संस्कृत ‘धाव्’ धातूवरून. ‘पळणे’चं मूळ मात्र ‘पलायन’मध्ये आहे. म्हणजे जन्मतः ‘पळणे’ हे कशापासून तरी लांब जाणं आहे, आणि ‘धावणे’ बहुतेक वेळा कशाकडे तरी जाणं. वाक्प्रचारांत हा फरक अजून जिवंत आहे. संकटात माणूस मदतीला धावून येतो आणि भ्याला की पळ काढतो. देवाचा आपण धावा करतो, त्याला ‘धाव’ म्हणतो, ‘पळ’ म्हणत नाही. दुसऱ्या बाजीरावाला लोकांनी ‘पळपुटा’ ठरवलं. वर्तमानपत्रांनी ‘धावपटू’ शब्द रुळवला, ‘पळपटू’ कुणी केला नाही, त्याचं कारणही हेच असावं असं मला वाटतं.

पण बोलीनं हा डाग केव्हाच धुऊन टाकला आहे. सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठेही पहाटे रस्त्यावर भेटलेल्या पोराला विचारा. तो ‘पळायला आलोय’ म्हणेल. बैलगाडा शर्यतीत बैल ‘पळतो’, आणि ‘काय पळतोय!’ यापेक्षा मोठी शाबासकी त्या मैदानावर नाही. शब्दकोशात ‘पळणे’ भित्रं असेल, घाटावरच्या मातीत ते शूर आहे. मुलाने लिहिलं ते त्याच्या घरचं मराठी आहे.

जाता जाता, ‘शर्यत’ आपल्याकडे अरबी ‘शर्त’कडून आली. शर्त म्हणजे अट. आधी अट, मग त्या अटीवर लावलेली होड, मग ती होड जिंकण्यासाठीचं पळणं. ‘पैज’ तर थेट ‘प्रतिज्ञा’ची नात आहे.

आणि ‘धाव’ या नामाचे दोन अर्थ मुलाला जरूर सांगा, कारण ते आता विसरले जात आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. दुसरी धाव विहिरीवरची. मोटेच्या विहिरीला लागून उताराची एक वाट बांधून काढलेली असे. बैल त्या उतारावरून खाली निघाले की नाडा ताणला जाई, मोट भरून वर येई आणि पाणी थारोळ्यात ओतलं जाई. हाकणारा जाताना नाड्यावर बसून आपलं वजनही कामाला लावी. मग बैल उलट पावली, मागे सरत सरत वर चढत. त्या वाटेचं नाव धाव. दिवसभर तीच वाट, खाली भार घेऊन आणि वर रिकामं. माझ्या आजोळच्या विहिरीची धाव अजून शाबूत आहे, तिच्यावर आता बाभळी वाढल्या आहेत.

फलटण : ताई, मी पोलीस भरतीची तयारी करते. आठशेला शेवटी दम लागतो. सर म्हणतात, दम धर, दम खा, दम सोडू नको. नक्की काय करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सरांनी तुला एकाच शब्दाने तीन गोष्टी सांगितल्या आहेत.

‘दम’ हा फारसी शब्द, अर्थ श्वास. बाकी सगळं त्या श्वासाच्या पोटातून निघालं. श्वास अपुरा पडला की दम लागतो. थांबून श्वास पुरा घेतला की दम खाल्ला. श्वास आवरून वाट पाहिली की दम धरला, म्हणजे धीर. न थांबता केलं ते एका दमात. श्वास उरेनासा होईपर्यंत मारलं ते बेदम. श्वासाचा आजार तो दमा. भांड्याला कणीक लावून आतली वाफ कोंडली की बिर्याणीला दम दिला. पोराला धमकावलं तर त्यालाही दम दिला. आणि ज्याच्यात हे सगळं टिकवायची ताकद आहे, त्याच्यात दम आहे.

संस्कृतात आणखी एक ‘दम’ आहे, शम-दम मधला. तो इंद्रियांना आवरण्याचा. घराणं वेगळं, पण मराठीत दोघं शेजारी राहून इतके सरावलेत की ‘जरा दमानं घे’ म्हणताना यातला कोणता बोलतोय ते सांगणं अवघड. ‘दमानं घे’ हा पळणाऱ्याला देता येईल असा सगळ्यात उत्तम सल्ला आहे, आणि तो आपल्याला मराठीतच मिळालेला आहे.

आता तुझं आठशे. पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी ८५ सेकंदांची. मुली शिट्टी वाजली की उधळतात आणि पहिली फेरी ७५ सेकंदांत काढतात. मग सहाशेच्या पुढे पाय जड होतात. पहिली फेरी ८४ ते ८५ मध्येच काढायची. पुढे गेलेल्या मुलींना जाऊ दे, हे ‘दम धरणं’. शेवटच्या दोनशेत कुणाकडे न बघता निघायचं, हे ‘दम न सोडणं’. ‘दम खाणं’ मात्र सरावापुरतं, दोन फेऱ्यांच्या मध्ये. परीक्षेत दम खायला जागा नाही.

तुझ्या पत्रात ‘ग्राउंड’ हा शब्दही आला आहे आणि तो मला फार आवडतो. ‘ग्राउंड निघालं’, ‘ग्राउंडला पंचेचाळीस पडले’, ‘ग्राउंड झालं, आता लेखी’. इंग्रजीत तो जमिनीचा तुकडा. भरतीच्या पोरांनी त्याची पन्नास गुणांची परीक्षा केली. ‘सोळाशे’ हा नुसता आकडाही असाच. ‘सोळाशेला किती येतो?’ असं विचारलं की मीटर, मिनिटं, सेकंद काही सांगावं लागत नाही. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत येणाऱ्या मुलाकडे बाकीचे कसे बघतात, ते कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे दिसेल. ही भाषा कुठल्या कोशात नाही. ती लिहून ठेवायला हवी.

इचलकरंजी : ‘स्टॅमिना’ला दमच म्हणायचं ना? मूळ शब्द काय?

दमच म्हणायचं. पण मूळ शब्द तुमच्याच गावचा निघेल. लॅटिनमध्ये ‘स्टामेन’ म्हणजे मागावरचा उभा धागा, ताणा. त्याचं अनेकवचन ‘स्टॅमिना’. माणसाच्या आयुष्याचा धागा नियतीदेवता सुतासारखा कातते आणि त्या धाग्याच्या लांबीवर माणूस किती टिकणार ते ठरतं, अशी रोमन लोकांची समजूत होती. त्यावरून जन्मजात चिवटपणा, आणि त्यावरून आजचा अर्थ. फुलातल्या पुंकेसराला इंग्रजीत याच धाग्यावरून ‘स्टेमेन’ म्हणतात. आडवा बाणा तुटला तर काम थोडं थांबतं, ताणा कच्चा असेल तर कापडच उभं राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आष्टी, जि. बीड : अविनाश साबळे आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याच्या स्टीपलचेसला मराठीत ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणतात. पण ‘स्टीपल’ म्हणजे अडथळा का?

नाही. आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं, कारण या शब्दामागे एक सुरेख दृश्य आहे.

‘स्टीपल’ म्हणजे चर्चचं निमुळतं उंच शिखर. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १७५२ साली दोन घोडेस्वारांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत शर्यत लावली, अशी या खेळाची जन्मकथा सांगतात. अंतर साधारण चार मैल. आखलेला रस्ता नाही. दूरवर शिखर दिसतंय, त्याच्यावर नजर ठेवून सरळ जायचं. वाटेत दगडी बांध येईल, ओढा येईल, कुंपण येईल, ते उडी मारून पार करायचं. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हीच शर्यत घोड्याशिवाय सुरू केली. आज ट्रॅकवर ३,००० मीटरमध्ये २८ लाकडी अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांचा ७६.२. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांबीचा. बांधाचं झालं लाकूड, ओढ्याचा झाला हौद. शिखर तेवढं शर्यतीतून गेलं आणि फक्त नावात उरलं.

आता हे चित्र आपल्या मातीत बघा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की ‘धावा’ होतो. तुकाराम महाराजांना तिथल्या टेकाडावरून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून दिंड्या तिथे धावतात. कित्येक दिवस चालून आलेली माणसं, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, खांद्यावर पताका घेतलेले म्हातारे, उतारावरून धावत सुटतात. कुणी कुणाच्या पुढे जायला बघत नाही. मी हे जवळून पाहिलं आहे. एक आजी एका हातात चप्पल धरून अनवाणी पळत होती आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची तुळस सावरत होती. तुळस जराही कलली नाही.

आयर्लंडच्या त्या दोघांचा आणि वारकऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तो जोडायचा माझा हेतूही नाही. पण ‘स्टीपल’ला मराठीत नेमका शब्द विचाराल तर मी ‘कळस’ म्हणेन. ‘अडथळ्यांची शर्यत’ या नावाला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे की त्यात वाटेतल्या अडचणी आल्या आणि जिकडे जायचं ते सुटलं. शिवाय हर्डल्सच्या शर्यतीलाही आपण तेच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. सरळ ‘स्टीपलचेस’ म्हणावं.

साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला आणि सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. पुढे २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८:०९.९१ वेळ दिली. आणि माणदेशच्या ललिता बाबरला विसरू नका. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दोन्ही दुष्काळी पट्टे, आणि दोघांची शर्यत पाण्यात उड्या मारायची.

नाशिक : कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’, ललिता ‘माणदेशी एक्सप्रेस’. आपल्याकडे सगळ्यांना एक्सप्रेसच का?

सुरुवात पी. टी. उषापासून, ती ‘पय्योली एक्सप्रेस’. पय्योली हे तिचं केरळमधलं गाव. पुढे तोच साचा महाराष्ट्रात आला. राष्ट्रकुल स्पर्धेत २०१० साली दिल्लीत १०,००० मीटरचं कांस्य जिंकलेल्या कविता राऊतमुळे नाशिक जिल्ह्यातला सावरपाडा घरोघरी माहीत झाला. एका पाड्याचं नाव एक्सप्रेसच्या आधी लागलं, ही मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते. वेगाची उपमा रेल्वेवरून घेणं हे फक्त आपलंच नाही. हेलसिंकीत १९५२ साली ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं घेणाऱ्या एमिल झाटोपेकला जग ‘चेक लोकोमोटिव्ह’ म्हणत असे.

‘एक्सप्रेस’चा मूळ अर्थ मात्र वेगवान असा नाही. मुद्दाम, खास त्याच कामासाठी पाठवलेला, असा आहे. ‘एक्सप्रेस’ निरोप्या म्हणजे एकच निरोप घेऊन मध्ये कुठे न थांबता जाणारा माणूस, आपल्याकडच्या जासुदासारखा. गाड्यांना ते नाव नंतर मिळालं.

ठाणे : दर जानेवारीत आम्ही पेडर रोडला मुंबई मॅरेथॉन बघायला उभे राहतो. केनियाच्या इतक्या धावपटूंची नावं ‘किप’ने का सुरू होतात? एकाच घरातले असतात का?

घर एक नाही, समाज एक आहे. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत एल्डोरेट, इटेन या उंचावरच्या गावांच्या आसपास कालेंजिन लोक राहतात. लांब पल्ल्याचे जगज्जेते धावपटू फार मोठ्या संख्येने त्यांच्यातले आहेत. त्यांच्यात मुलाच्या नावाआधी ‘किप’ किंवा ‘कि’ लागतं आणि मुलीच्या नावाआधी ‘चेप’, ‘चे’ किंवा ‘जेप’, ‘जे’. पुढचा भाग जन्म कधी, कुठे, कोणत्या प्रसंगी झाला ते सांगतो.

किबेट म्हणजे दिवसा जन्मलेला. तेच नाव मुलीचं झालं की चेबेट. १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारी जगातली पहिली महिला बिएट्रिस चेबेट, तिचं हे नाव. पाऊस पडत असताना झालेला किप्रोप, मुलगी असेल तर जेरोप. दिवस मावळताना झालेला किपलागट. प्रवासात झालेला किपरुटो. गुरं चरायला सोडायच्या वेळी झालेली चेपन्गेटिच, हे केनियाची धावपटू फेथ किपयेगॉन हिचं स्वतःचं नाव. किपयेगॉन तिच्या वडिलांकडून आलं. म्हणूनच मुलींच्या नावातही ‘किप’ दिसतं आणि आपला गोंधळ होतो. आणि एलिउड किपचोगे? धान्याच्या कणगीजवळ जन्मलेला. व्हिएन्नात २०१९ साली १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पार करणाऱ्या माणसाच्या नावात कणगी आहे.

आपल्याकडे जुन्या लोकांत सोमा, मंगळा, बुधा, श्रावण, पौर्णिमा अशी नावं वाराची, महिन्याची, तिथीची असायची. तुम्हाला हे परकं वाटणार नाही. पुढच्या जानेवारीत छातीवरचं नाव वाचून बघा. कोण पावसात जन्मलं आणि कोण उन्हात, ते तुम्ही शेजाऱ्याला सांगू शकाल.

जळगाव : आमच्याकडे पाच किलोमीटरच्या शर्यतीलाही ‘मॅरेथॉन’ म्हणतात. चालेल?

चालणार नाही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून मैदानापर्यंत आखलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. पाच किलोमीटर पळणं ही छान गोष्ट आहे, तिला ‘पाच किलोमीटर दौड’ हे भारदस्त नाव आहे. लहान मुलांना खोटं माप शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या गावाचं नाव. तिथे बडीशेप उगवायची, बडीशेपेला ग्रीकमध्ये ‘मॅराथॉन’ म्हणतात, त्यावरून गाव. ‘वॉकेथॉन’, ‘सायक्लोथॉन’ यांतल्या ‘थॉन’ला मात्र काहीही अर्थ नाही. बडीशेपेचा शेंडा तोडून दुसऱ्या झाडाला बांधलाय.

वडोदरा : दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स धावून आलो. तिथे सगळे ‘बस’बद्दल बोलत होते. मला वाटलं दमलेल्यांना उचलणारी गाडी. ती माणसं निघाली!

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यातले ते जवळजवळ ९० किलोमीटर, आणि बारा तासांची कडक मुदत.

तिथली ‘बस’ म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवणारा घोळका. पुढे एक अनुभवी धावपटू असतो, त्याला ‘बस ड्रायव्हर’ म्हणतात. तो कुठे चालायचं, कुठे पळायचं, पाणी कुठे घ्यायचं ते ओरडून सांगतो आणि मागचे शेकडो जण त्याच्या तालावर जातात. फ्रान्सच्या सायकल शर्यतीतही डोंगराच्या दिवशी मागे पडलेले सायकलस्वार एकत्र येऊन मुदतीत पोचण्यासाठी असाच जथा करतात, त्यालाही ‘ऑटोबस’ म्हणतात.

आता ‘बस’ची गंमत. लॅटिनमध्ये ‘ऑम्नीबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. फ्रान्समध्ये कुणालाही चढता येईल अशा घोडागाडीला हे नाव मिळालं. पुढे इंग्रजांनी शेपूट तेवढं ठेवलं, ‘बस’. त्या शेपटीचा अर्थ नुसता ‘-साठी’, आपल्या चतुर्थीच्या प्रत्ययासारखा. म्हणजे तुम्ही ज्या घोळक्यातून मुदतीत पोचलात त्याचं नाव ‘साठी’.

‘कॉम्रेड’चंही सांगते. ‘कामारादा’ म्हणजे एका खोलीत राहणारा सोबती. मूळ लॅटिन ‘कामेरा’, खोली. हिंदीतला ‘कमरा’ त्याच शब्दाचा पोर्तुगीजांमार्फत आलेला वंशज. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहम या सैनिकाने १९२१ मध्ये ही शर्यत सुरू केली, म्हणून ‘कॉम्रेड्स’.

पुणे : आम्ही सायकलवाले ‘बीआरएम’ करतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांबचा पल्ला गाठतो, आणि ‘एसआर’ झालो म्हणतो. ‘ब्रेव्हे’ आणि ‘रँदोनर’ यांचं मूळ?

‘ब्रेव्हे’ म्हणजे छोटं पत्र, दाखला. लॅटिन ‘ब्रेव्हिस’ म्हणजे आखूड, त्यावरून. तुमच्या कार्डावर वाटेत शिक्के पडतात तो हा दाखला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०, आणि चारही एका हंगामात केले की ‘सुपर रँदोनर’, तुमचा एसआर.

‘रँदोने’ म्हणजे फ्रेंचमध्ये लांबची भटकंती. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रँदाँ’ म्हणजे भरधाव सुटणं. त्याच शब्दातून इंग्रजीत ‘रँडम’ आला. लगाम सोडलेला घोडा कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी ‘बेफाम’ आणि मग ‘कसाही, कुठलाही’. पहाटे तीन वाजता खंबाटकी चढताना हे आठवायला हरकत नाही.

कोल्हापूर : तालमीत आम्ही ‘वस्ताद’ म्हणतो, ट्रॅकवर ‘कोच’. रेल्वेचा डबाही कोच. कसं काय?

हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. तिथे पंधराव्या शतकापासून उत्तम घोडागाड्या बनत. गावाच्या नावावरून गाडीला ‘कोच’. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८३० च्या सुमारास परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना हे नाव दिलं, आणि तिथून ते खेळात आलं. ‘वस्ताद’ फारसी ‘उस्ताद’. मला विचाराल तर ‘वस्ताद’च वजनदार. कोच पोचवतो, वस्ताद घडवतो, आणि वस्तादाच्या पाया पडतात.

त्याच पत्रातले दोन शब्द चटकन. ‘फार्टलेक’ स्वीडिश आहे, ‘फार्ट’ वेग आणि ‘लेक’ खेळ. १९३० च्या दशकात गोस्टा होल्मर या प्रशिक्षकाने तो सराव बसवला. त्या झाडापर्यंत जोरात, मग पुलापर्यंत सावकाश, असा. ‘टेपर’ म्हणजे मेणबत्ती. ती वर निमुळती होत जाते, तसा शर्यतीआधीच्या दोनतीन आठवड्यांत सराव कमी करत न्यायचा.

कणकवली : पळताना बरगडीखाली टोचतं त्याला इंग्रजीत ‘स्टिच’ म्हणतात. शिवणकामाशी संबंध?

संबंध आहे, पण उलट बाजूने. जुन्या इंग्रजीत ‘स्टिच’ म्हणजे टोचणं, भोसकणं. सुई टोचते म्हणून टाका ‘स्टिच’, आणि कूस टोचते म्हणून हाही ‘स्टिच’. दुखणं त्यातल्या त्यात जुनं.

आमच्याकडे ‘कुशीत चमक भरली’ म्हणतात, काही जण ‘कळ धरली’. वेग कमी करा, दुखतंय तिथे हाताने दाबा आणि श्वास पूर्ण बाहेर सोडत दोनतीनशे मीटर सावकाश जा, बहुतेकांची चमक उतरते. पळण्याआधी दोन तास पोटभर खाणं टाळा. आणि मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत, कोकणीत या चमकेला काय म्हणतात ते मला हवं आहे. शब्द, तो कुणाच्या तोंडून ऐकला आणि तालुका, एवढं पोस्टकार्डावर लिहिलं तरी पुरे.